‘अशी ही बनवाबनवी’ : घर, सोंग आणि प्रेम

विनोदी कलाकृतीचे आयुष्य गंभीर कलाकृतीच्या मानाने अल्प असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येत नाही. दुःखाची कारणे युगायुगांतून फारशी बदलत नाहीत, हसण्याची कारणे मात्र दर पिढीला पालटतात. आजोबांना ज्या कोटीने ठसका लागे ती कोटी नातवाला समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगितलेला विनोद हा विनोद राहत नाही. या पार्श्वभूमीवर १९८८ साली पडद्यावर आलेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा मराठी चित्रपट तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही पुनःपुन्हा पाहिला जातो, त्यातील संवाद घरोघरी बोलण्यात येतात, आणि तो प्रदर्शित झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुले त्यावर मनमुराद हसतात, ही घटना समीक्षेने विचारात घ्यावी अशी आहे. लोकप्रियता हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे तर खरेच. परंतु दीर्घकाळ टिकलेली लोकप्रियता हा निदान चौकशीचा विषय ठरतो. केवळ ‘टवाळ करमणूक’ म्हणून तिची बोळवण करणे सोपे असले, तरी त्यातून काहीच हाती लागत नाही.

या टिकाऊपणाची जी कारणे सामान्यतः सांगितली जातात ती तीन : अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांचा अभिनय, पुरुषांनी घेतलेल्या स्त्रीवेषाची गंमत, आणि वसंत सबनीस यांचे चुरचुरीत संवाद. तिन्ही कारणे खरी आहेत, आणि तिन्ही अपुरी आहेत. याच नटांनी त्याच काळात केलेले कितीतरी चित्रपट आज विस्मृतीत गेले आहेत. स्त्रीवेषाची क्लृप्ती तर रंगभूमीइतकीच जुनी. आणि चुरचुरीत संवाद एकटे उभे राहत नाहीत. त्यांना प्रसंगाचा टेकू लागतो. तेव्हा या तिहींना एकत्र बांधणारे सूत्र कोणते, हा खरा प्रश्न आहे.

२

या चित्रपटाची कथा मूळची मराठी नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी. शैलेश डे यांच्या ‘जयमाकाली बोर्डिंग’ या बंगाली कथेपासून तिचा प्रवास सुरू होतो. या कथेवर १९५५ साली बंगाली चित्रपट निघाला. पुढे १९६६ साली हृषीकेश मुखर्जी यांनी ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट केला. त्यानंतर बावीस वर्षांनी सचिन यांच्या दिग्दर्शनाखाली, किरण शांताराम यांच्या निर्मितीतून आणि सबनीसांच्या लेखणीतून तिने मराठी रूप घेतले. येथेही ती थांबली नाही. १९९१ साली तेलुगूत ‘चित्रम भळारे विचित्रम’, आणि कन्नडमध्ये १९९२ साली ‘बोंबाट हेंडती’ व २००३ साली ‘ओळु सार बरी ओळु’ अशी तिची आणखी रूपांतरे झाली.

एकच गोष्ट इतक्या भाषांतून फिरली म्हणजे तिच्या नावांकडे पाहणे उद्बोधक ठरते, कारण नाव हा रूपांतरकाराचा पहिला निर्णय असतो. बंगाली नाव स्थळाचे आहे : एक बोर्डिंग, म्हणजे एकट्या पुरुषांची वसतिगृहवजा खाणावळ. हिंदी नावात दोन गरजा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, बायको आणि घर. तेलुगू नाव प्रेक्षकाच्या आश्चर्याचे आहे. कन्नडमधील पहिले नाव ‘झकास बायको’ अशा अर्थाचे असून त्याचा सारा भर वेषांतरावर आहे. दुसरे ‘थाप हो साहेब, नुसती थाप’ असे काहीसे म्हणते, आणि म्हणूनच ते मराठी नावाच्या सर्वांत जवळचे आहे. मराठी नावात स्थळ नाही, बायको नाही, घर नाही. आहे ती केवळ कृती. शिवाय ‘बनवाबनवी’ या शब्दाची घडणच परस्परतेची आहे. मारामारी, पळापळी, लपवाछपवी या शब्दांप्रमाणे तो एकट्याने करावयाच्या कृतीसाठी वापरता येत नाही. एक मनुष्य दुसऱ्याला बनवितो. परंतु बनवाबनवी करावयास मंडळी लागतात. चित्रपटाचे सारे मर्म या शब्दात आले आहे.

कारण या चित्रपटाला रूढ अर्थाने नायक नाही. धनंजय माने, त्याचा धाकटा भाऊ शंतनू, सुधीर आणि परशुराम हे चौघे मिळून नायक आहेत. माधुरी, मनीषा, सुषमा आणि कमळी या चौघी मिळून नायिका आहेत. त्या काळच्या मराठी चित्रपटात ही गोष्ट नवीनच होती. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’पासून (१९७१) मराठी विनोदी चित्रपट एका मध्यवर्ती विनोदी नटाभोवती फिरत आला होता, इतरांनी त्याला वाक्ये पुरवावयाची आणि त्याने ती टोलवावयाची, अशी रचना रूढ होती. ‘बनवाबनवी’त टोलविणारा आणि पुरविणारा ही भूमिका क्षणाक्षणाला बदलते. अशोक सराफ यांच्यासारखा नट कितीतरी प्रसंगांत केवळ दुसऱ्याची चूक सावरण्यासाठी उभा असतो, आणि ते सावरणे हेच हास्याचे केंद्र होते. योगायोगाने ‘सोंगाड्या’चे लेखनही सबनीसांचेच होते. एकाच लेखकाने सतरा वर्षांच्या अंतराने एकनायकी विनोद आणि समूहविनोद अशी दोन्ही रूपे मराठी पडद्याला दिली, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

३

कथानकाची घडण पाहू. पुण्यात धनंजय माने विश्वासराव सरपोतदारांच्या घरात भाडेकरू आहे. एकट्याच्या खोलीत हळूहळू चौघे होतात, आणि सरपोतदारांच्या करड्या नजरेला ही भर सहन होण्यासारखी नसते. घर जाते. दुसरे घर मिळते ते लीलाबाई काळभोर या वयस्क बाईंचे. पण त्यांची अट अशी की भाडेकरू सपत्नीक हवेत. मग परशुराम हा धनंजयची पत्नी पार्वती होतो आणि सुधीर हा शंतनूची पत्नी सुधा होतो. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा आधार द्यावा लागतो, आणि दुसऱ्याला तिसऱ्याचा.

वरवर पाहता ही ‘मोरूची मावशी’चीच तऱ्हा वाटेल. आचार्य अत्रे यांनी ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून ते नाटक रचले, आणि मराठी प्रेक्षकाला स्त्रीवेषातील पुरुषाची गंमत त्यामुळे चांगलीच परिचित झाली होती. परंतु दोहोंत एक मूलगामी भेद आहे. मावशीचे सोंग प्रेमासाठी आहे : तरुणींना भेटीस येता यावे म्हणून एक वडीलधारी स्त्री हवी, ती नसल्यामुळे निर्माण करावयाची. तेथे सोंग हे प्रेमाचे साधन आहे. ‘बनवाबनवी’त सोंग घरासाठी आहे, आणि ते प्रेमाच्या आड येते. घर टिकवावयाचे तर विवाहित असले पाहिजे. प्रेम करावयाचे तर अविवाहित असले पाहिजे. परशुराम पार्वती म्हणून घरात जितका यशस्वी, तितका कमळीपासून दूर. सुधा लीलाबाईंच्या जितकी मनात भरते, तितका सुधीर मनीषेपाशी अडचणीत. आणि धनंजयला तर वेषही बदलावा लागत नाही. त्याची खोटी बायकोच त्याच्या खऱ्या प्रेमाच्या वाटेत उभी राहते. माधुरी ही त्याची नोकरीतील वरिष्ठ असल्यामुळे ही अडचण आणखी नाजूक होते.

दोन मूलभूत गरजांमधील हा विरोध हे या प्रेमकथेचे इंजिन आहे. प्रेमकथेत अडथळा लागतोच. पण तो सहसा बाहेरून आणावा लागतो. रागीट बाप, खलनायक, गैरसमज ही त्याची ठरीव सामग्री. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त अडथळा मनुष्याच्या स्वभावातून आला, म्हणून ते प्रहसन शतकभर तगले. ‘बनवाबनवी’त अडथळा प्रेमिकांच्या स्वतःच्याच कृतीतून येतो. तो त्यांनी रचलेला असतो, आणि तो मोडावयाचा तर डोक्यावरचे छप्पर जाते. बिली वाइल्डर यांच्या ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) या प्रसिद्ध अमेरिकन चित्रपटातही स्त्रीवेष प्रेमाच्या आड येतो. पण तेथे तो गुंडांच्या गोळीपासून जीव वाचविण्यासाठी घेतलेला आहे. जिवावरचे संकट असामान्य असते. घर न मिळणे हे संकट मात्र प्रेक्षकांतील प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेले असते. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला तर ते पिढीजात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी, त्यामुळे भाडेकरूकडे संशयाने पाहणारे मालक, आणि मालकाकडे तुच्छतेने पाहणारे भाडेकरू हे जग पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’ने अगोदरच साहित्यात आणले होते. ‘बनवाबनवी’ने त्याच जगात प्रेमाला जागा शोधली, आणि जागा नाही असे आढळल्यावर ती बनवून घेतली.

या चित्रपटातील सर्वांत अधिक बोलले जाणारे वाक्य कोणते, याचा विचार केला तर ही गोष्ट स्पष्ट होते. ते कोटी नाही, श्लेष नाही, शिवीही नाही. धनंजय माने येथेच राहतात काय, अशी ती एक साधी चौकशी आहे. मूळ प्रसंगापासून तुटूनही हा प्रश्न लोकांच्या तोंडी राहिला, कारण मनुष्याच्या राहण्याविषयीची शंका त्यात आहे, आणि तीच साऱ्या कथेच्या मुळाशी आहे.

४

आता भाषेकडे वळू. रूपांतरात कथानक सुखरूप पैलतीरी पोहोचते, विनोद बहुधा मध्येच बुडतो. कारण विनोदाचे वजन भाषेच्या व्याकरणावर पेललेले असते. या कथेच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट अशी, की ती मराठीत आल्यामुळे तिच्यातील विनोदाची शक्यता वाढली.

पुरुषाने स्त्रीचे सोंग घ्यावयाचे म्हणजे लुगडे नेसावयाचे, आवाज बारीक करावयाचा, हे सर्व भाषांत सारखेच. परंतु बोलताना काय होते? बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, सर्वनामालाही नाही. तेथे वेषांतर केलेला मनुष्य वाटेल तितके बोलला तरी व्याकरण त्याला उघडे पाडणार नाही. कन्नडमध्ये तृतीय पुरुषी क्रियापदाला लिंग आहे, पण स्वतःविषयी बोलताना ते नाही; शिवाय आदरार्थी बहुवचनाचा आसरा घेतला की ‘अवरु बंदरु’ म्हणताना आलेली व्यक्ती स्त्री की पुरुष हे झाकून जाते. हिंदीत क्रियापद लिंग दाखविते, पण जवळच्या व्यक्तीकडे बोट दाखविणारे सर्वनाम दाखवीत नाही. मराठीत सुटका कोठेच नाही. ‘आलो’ की ‘आले’, ‘जातो’ की ‘जाते’, ‘हा’ की ‘ही’, ‘ते आले’ की ‘त्या आल्या’ : पुष्कळशा वाक्यांत, प्रथमपुरुषीसुद्धा, बोलणाऱ्याला आपले लिंग जाहीर करावे लागते. मराठीत स्त्रीचे सोंग घेणारा पुरुष प्रत्येक वाक्याला दोरीवरून चालत असतो. आणि तो एकटाच नव्हे. त्याच्याविषयी बोलणाऱ्या मित्रांनाही हीच कसरत करावी लागते. आपल्या पत्नीची ओळख करून देताना धनंजयच्या तोंडून पुल्लिंगी दर्शक सर्वनाम निसटते, तो क्षण मराठी प्रेक्षक विसरू शकत नाही. तीन शब्दांच्या वाक्यात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग यांची अशी गाठ पडते की साऱ्या कथानकाचा गोंधळ त्यात सामावतो. हा विनोद बंगालीत जशाच्या तसा नेता येणार नाही. तेथे त्याला दुसरा पर्याय शोधावा लागेल.

व्याकरणाच्या जोडीला नात्यांची शब्दसंपदा येते. धनंजय आणि शंतनू हे खरे भाऊ. म्हणून पार्वती आणि सुधा या एकमेकींच्या जावा. ‘जाऊबाई’ हे संबोधन दोन पुरुषांनी एकमेकांना करावे, आणि करता करता त्या नात्यातील गोड-तिखट उखाळ्यापाखाळ्याही त्यांच्या अंगवळणी पडाव्यात, यातील गंमत मराठी कुटुंबात वाढलेल्यालाच पुरतेपणी कळते. दीर, भावजय, जाऊ, वन्सं ही नाती म्हणजे वागणुकीचे तयार संकेत आहेत. सोंग घेणाऱ्यांना भूमिका पाठ करावी लागत नाही. नात्याचे नाव घेतले की भूमिका आपोआप सुरू होते.

सबनीसांच्या संवादांचे वैशिष्ट्य या ठिकाणी लक्षात येते. ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याचे हे लेखक. तमाशातील गण आणि गवळण झाल्यावर वगाच्या अगोदर येणारी ‘बतावणी’ हे त्यांच्या विनोदाचे माहेर. बतावणीत एक पात्र काहीतरी ठोकून देते, दुसरे त्याचा धागा उचलून पुढे ताणते, तिसरे त्याला भलतीच गाठ मारते. तेथे लेखकापेक्षा हजरजबाबीपणाला मान असतो. ‘बनवाबनवी’तील चौघे जेव्हा लीलाबाईंपुढे किंवा सरपोतदारांपुढे एखादे असत्य रचू लागतात, तेव्हा ते असत्य कोणा एकाच्या डोक्यातून संपूर्ण बाहेर येत नाही. एक जण अर्धे वाक्य टाकतो, दुसरा ते पूर्ण करतो, तिसऱ्याच्या चेहऱ्यावर भीती दिसते, चौथा विषयांतर करतो. सामुदायिक रचनेची ही रीत थेट बतावणीची आहे. फडावरची बतावणी पुण्यातील पांढरपेशा घराच्या बैठकीत आणून बसविण्याचे काम सबनीसांनी केले. आणि ते इतके बेमालूम की तिचे मूळ कोणाच्या ध्यानातही येऊ नये.

त्यांची शब्दनिष्ठाही याच परंपरेतील आहे. सरपोतदारांशी होणाऱ्या झटापटीत सत्तर रुपये बुडाल्याची वार्ता द्यावयाची वेळ येते, तेव्हा त्या रुपयांसाठी ‘वारले’ हे क्रियापद योजिले जाते. मराठीत पैसे बुडतात, जातात, खर्ची पडतात. वारतात ती माणसे, आणि तीही आदराने. माणसासाठी राखून ठेवलेला सभ्य शब्द रकमेला लावल्यामुळे रकमेला एकाएकी व्यक्तित्व येते, आणि सरपोतदारांसारख्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थाचे दुःख हे आप्ताच्या निधनाइतके खरे ठरते. एका क्रियापदात स्वभावदर्शन साधणारा हा विनोद शब्दनिष्ठ असूनही स्वभावनिष्ठ आहे. आणि सुधीर जोशी यांच्या चेहऱ्याने त्याला जी साथ दिली आहे तिच्यामुळे तो प्रसंगनिष्ठही झाला आहे. न. चिं. केळकरांपासून मराठीत विनोदाची जी मीमांसा झाली, तिच्यातील हे वर्ग येथे एकाच ठिकाणी नांदताना दिसतात.

५

वेषांतराचा विचार याच अनुषंगाने करावा. या चित्रपटात स्त्रीवेष दोन आहेत, आणि ते एकमेकांहून सर्वस्वी भिन्न आहेत. सचिन यांची सुधा देखणी, लाघवी, पदर सावरणारी आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती अघळपघळ, बेताल, वेषातून पुरुष सतत डोकावणारी आहे. या भेदामागे मराठी रंगभूमीच्या दोन परंपरा उभ्या आहेत. एक बालगंधर्वांची : जेथे पुरुष स्त्रीचा आदर्श निर्माण करतो, आणि घरंदाज स्त्रियांनी त्याच्या नेसण्याचे अनुकरण करावे इतकी त्याला मान्यता मिळते. दुसरी तमाशातील ‘मावशी’ची : जेथे गवळणींच्या सोबत येणारा पुरुष आपले पुरुषपण लपवीतच नाही, आणि ते न लपविण्यातच गंमत असते. बालगंधर्वी परंपरा प्रेक्षकाला विसर पाडते; मावशीची परंपरा त्याला आठवण देते. ‘बनवाबनवी’ने या दोघींना जावा करून एका घरात नांदविले आहे. सुधेमुळे सोंग विश्वसनीय वाटते. पार्वतीमुळे ते सोंग आहे याचा विसर पडत नाही. दोघीही सुधेसारख्या असत्या तर चित्रपट गोड झाला असता. दोघीही पार्वतीसारख्या असत्या तर लीलाबाई मूर्ख ठरल्या असत्या.

भरताने विकृत वेष आणि अलंकार यांना हास्याचे विभाव मानले आहे, आणि हास्याचा उगम शृंगारातून सांगितला आहे. पार्वतीच्या डोहाळजेवणाच्या प्रसंगात हे दोन्ही सिद्धांत प्रत्यक्ष दिसतात. हिरवे लुगडे, ओटी, सुवासिनींची गाणी हे मराठी संसारातील शृंगाराचे सर्वांत मंगल आणि सर्वांत घरगुती रूप. ते एका दणकट पुरुषाभोवती मांडलेले असते, आणि त्यात सहभागी होणाऱ्या लीलाबाईंचा आनंद मात्र संपूर्ण खरा असतो.

६

येथे चित्रपटाच्या नैतिक बाजूकडे वळणे भाग आहे, कारण खरी कसोटी तेथे आहे. सरपोतदारांना फसविले याचे प्रेक्षकाला वाईट वाटत नाही. लीलाबाईंची गोष्ट निराळी. नयनतारा यांनी रंगविलेल्या या बाई मायाळू आहेत, एकट्या आहेत. आणि त्यांच्याच मायेचा फायदा घेऊन चार तरुण त्यांच्या घरात राहत आहेत. आँरी बर्गसाँने हास्यावरील आपल्या ग्रंथात (१९००) असे प्रतिपादन केले की हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. जेथे करुणा जागी असते तेथे हास्य थांबते. ‘बनवाबनवी’ पाहताना हृदय बधिर होत नाही. लीलाबाईंची कणव आणि त्यांच्या फसवणुकीचे हास्य ही दोन्ही एकाच वेळी चालू राहतात, आणि हे बर्गसाँच्या उपपत्तीला सहज सामावून घेता येण्यासारखे नाही.

ते शक्य होते याचे कारण असे, की या तरुणांचे सोंग लीलाबाईंना काही देते. त्यांच्या निर्मनुष्य घरात सुनांची लगबग येते, आवाज येतो, कोणीतरी वाट पाहणारे येते. दुसऱ्या बाजूला बळी हे पात्र आहे. विजू खोटे यांनी रंगविलेल्या या इसमाचा डोळा बाईंच्या मालमत्तेवर आहे. ज्याच्याकडून आपलेपणाची अपेक्षा धरावी तो लुटावयास निघाला आहे, आणि ज्यांचे नाते सपशेल खोटे तेच आधार देत आहेत, अशी ही मांडणी आहे. खोट्या सुनांनी केलेली सेवा खोटी नाही. बिंग फुटल्यावर जी क्षमा मिळते ती म्हणूनच लेखकाने ओढून आणलेली वाटत नाही. ती त्या सेवेने अगोदरच मिळविलेली असते. नॉर्थ्रप फ्राय यांनी सुखात्मिकेच्या शेवटाचे जे वर्णन केले आहे, जुन्या व्यवस्थेच्या जागी प्रेमिकांभोवती नवा समाज आकारास येणे, ते येथे शब्दशः लागू पडते. फरक इतकाच, की येथे अडथळा आणणारी वडील पिढी बाहेर फेकली जात नाही. लीलाबाई त्या नव्या समाजाच्या मध्यभागी राहतात.

एवढे मान्य करूनही चित्रपटाच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. चार प्रेमकथांपैकी धनंजय आणि माधुरी यांचीच काय ती रसपूर्ण आहे. शंतनू आणि सुषमा यांची केवळ जोडी पुरी करण्यासाठी आहे. चारही तरुणी दिसतात सुरेख, पण त्यांना स्वतःचा विनोद जवळजवळ नाही. स्त्रियांच्या वेषातील पुरुषांना जितकी वाक्ये मिळाली तितकी प्रत्यक्ष स्त्रियांना मिळाली नाहीत, हा या चित्रपटातील सर्वांत मोठा विरोधाभास होय. त्यांचीही फसवणूक होते, पण तिचा हिशेब लीलाबाईंच्या क्षमेतच वळता केला जातो. माधुरीला काय वाटले असेल, हा प्रश्न आणखी थोडा वेळ पडद्यावर राहावयास हवा होता. खलप्रवृत्तीचा बंदोबस्त ज्या रीतीने होतो तीही त्या काळच्या चित्रपटांची ठरीव रीत आहे. समूहविनोदाच्या पाठीशी अरुण पौडवाल यांचे प्रसन्न संगीत नसते, तर उत्तरार्धाची लांबी अधिक जाणवली असती.

७

शेवटी एक शंका उरते. ज्या पुण्यात ही कथा घडते ते पुणे आता राहिले नाही. वाडे गेले, १९४७ चा कायदाही गेला आणि त्याच्या जागी १९९९ चा आला. मग ज्या टंचाईवर चित्रपट उभा आहे ती ओसरल्यावर त्याचे हास्य शिळे व्हावयास हवे होते. ते का झाले नाही?

याचे उत्तर महाराष्ट्राबाहेर, जेथे मराठी माणूस स्वतः नवखा भाडेकरू आहे अशा ठिकाणी अधिक स्पष्ट दिसते. बेंगळुरूच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान. किल्ल्यासाठी आणि चकोतऱ्याच्या बागांसाठी ते ओळखले जाई. २००८ साली तेथे नवा विमानतळ सुरू झाला आणि द्राक्षमळ्यांच्या जागी उंच इमारती येऊ लागल्या. नोकरीनिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण माणसे या परिसरात येतात, त्यांत मराठी तरुणही असतात. रिकाम्या सदनिका तेथे आहेत, भाडे देण्याची ऐपतही या तरुणांना आहे. तरीही बेंगळुरूमध्ये घर शोधणाऱ्या अविवाहिताला पहिला प्रश्न विचारला जातो तो ऐपतीचा नसतो. ‘फॅमिली आहे काय?’ असा असतो. लीलाबाईंची अट साडेतीन दशकांनंतर, परक्या भाषेत, नव्या सिमेंटच्या जिन्यावर जशीच्या तशी उभी असते. त्याच नगरात या कथेची दोन कन्नड रूपे निघाली, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

म्हणजे ‘बनवाबनवी’चा विषय घरांची टंचाई हा कधीच नव्हता. एकट्या माणसाविषयी समाजाला वाटणारा संशय हा त्याचा विषय आहे. कुटुंब असल्याखेरीज मनुष्यावर विश्वास ठेवावयाचा नाही, ही आपल्या समाजाची जुनी रीत. आणि विश्वास मिळाल्याखेरीज कुटुंब उभे करता येत नाही, ही त्या मनुष्याची अडचण. या कोंडीतून चौघे तरुण ज्या मार्गाने बाहेर पडतात तो असत्याचा असला, तरी त्या असत्यात त्यांनी एकमेकांना एकदाही एकटे सोडलेले नाही. एकाचा शब्द चुकला की दुसऱ्याने सावरावयाचा, एकाचा पदर ढळला की दुसऱ्याने पुढे व्हावयाचे. समाजाने मागितलेले कुटुंब त्यांच्यापाशी नव्हते म्हणून त्यांनी ते खोटे रचले. आणि रचता रचता ते खरे झाले. प्रेक्षक हसतो तो त्या रचनेच्या फजितीला, आणि पुनःपुन्हा परत येतो तो तिच्यातील जिव्हाळ्यासाठी. ज्या समाजात घर मागणाऱ्या माणसाला प्रथम त्याच्या नात्यांचा दाखला मागितला जाईल, त्या समाजात या चित्रपटाचे हास्य ताजे राहील. आणि ते ताजे राहते हे त्या समाजाला फारसे भूषणावह नाही, हेही त्याच हास्यात सांगितलेले आहे.